शब्दबंबाळ, आडंबरी, बोजड की पल्लेदार?

कुणाच्या लेखावर अभिप्राय द्यायचा असतो, भाषा खटकलेली असते आणि पटकन लिहून टाकलं जातं, 'शब्दबंबाळ'. बऱ्याचदा दोष वेगळाच असतो. मग लेखकाला नेमकं काय सुधारायचं तेच कळत नाही.

रक्तबंबाळ अंगावर जखम कुठे आहे ते दिसत नाही, तसा शब्दबंबाळ वाक्यात अर्थ सापडत नाही. 'ज्ञानाच्या अथांग, असीम, अपरंपार महासागरातील तेजस्वी दीपस्तंभ असलेले आमचे सर निवृत्त होत आहेत.' अथांग, असीम, अपरंपार ही तिन्ही विशेषणं जवळपास एकच गोष्ट सांगतात. 'आमचे सर निवृत्त होत आहेत' एवढंच ठेवलं तरी बातमी तीच राहते, आणि सरांबद्दल तर त्या लांबलचक वाक्यानेही काहीच सांगितलेलं नाही. शब्द खोडल्यावर काही हरवत नसेल तरच 'शब्दबंबाळ' म्हणावं.

'सदर अर्जाच्या अनुषंगाने आवश्यक ती कार्यवाही करण्यात यावी' हे वाक्य मात्र बोजड आहे. इथे फुलोरा नाही, शब्द जड आहेत. पहिल्या वाक्याला कात्री हवी, याला सोपे शब्द. हा फरक अभिप्रायात आला पाहिजे.

'आडंबरी' सर्वांत जपून वापरावा, कारण तो थेट लेखकाच्या हेतूवर जातो: हा माणूस विद्वत्ता मिरवतोय. संस्कृतात आडंबर हे एका ढोलाचंही नाव. हा दोष जुनाच. सातव्या शतकात संस्कृत लेखक बाणभट्टाने 'अक्षरडंबर', म्हणजे नुसता शब्दांचा थाट, गौडांच्या, म्हणजे बंगालकडच्या कवींच्या, पदरात टाकला होता. नवख्याने हौसेने लिहिलेल्या लेखाला आडंबरी म्हणणं मला क्रूर वाटतं. त्याच्याकडे मिरवण्याची इच्छा नसते, शब्दांचं प्रेम असतं.

पल्लेदार हा तर दोषच नव्हे. वाक्य लांब असूनही कर्ता-क्रियापदाचा धागा सुटत नाही आणि शेवटाला पोचताना अर्थ वाढलेला असतो, ते पल्लेदार. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 1874 साली सुरू झालेली 'निबंधमाला' अशा वाक्यांसाठी आजही वाचावी. तिला शब्दबंबाळ म्हणणारा लांबी आणि फुगवटा यांत गल्लत करतो.

पाल्हाळिक म्हणजे विषय सोडून भरकटणारं. ते अगदी साध्या शब्दांतही होतं.

ठरत नसेल तर विशेषण टाळावं, खटकलेलं वाक्य जसंच्या तसं उतरवावं आणि त्यातला कोणता शब्द काढला असता ते लिहावं.