पहिला मिनी ट्रॅक्टर: तासगावच्या बागेला कोणता, वाळव्याच्या उसाला कोणता

शोरूममध्ये पाय ठेवला की पहिला प्रश्न येतो, "किती एचपीचा बघायचाय?" निवड चुकते ती इथेच. दोन-पाच एकरांच्या रानासाठी पहिला ट्रॅक्टर घेताना एचपी बघायचा, पण चौथ्या नंबरला. आधी बघायचं ते हे की ट्रॅक्टर तुमच्या ओळीत बसतो का, तुमचं सगळ्यात जड अवजार उचलून फिरवतो का, आणि रान ओलं असताना काम करतो का. या तीन परीक्षांत उतरलेला २१ एचपीचा ट्रॅक्टर, न उतरलेल्या ३० एचपीच्या ट्रॅक्टरपेक्षा जास्त कामाचा.

सांगली-साताऱ्यात एकच ट्रॅक्टर सगळ्यांना चालत नाही. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडे द्राक्ष, वाळवा-पलूसला कृष्णाकाठच्या काळ्या रानात ऊस, जत-आटपाडी आणि माण-खटावला मुरमाड, आणि जावळी-पाटणला तालीवरची (उतारावर बांध घालून केलेली) खाचरं. त्यामुळे एकच मॉडेल उचलून "हेच घ्या" म्हणण्यात अर्थ नाही.

द्राक्षापासून सुरुवात करू, कारण या भागात मिनी ट्रॅक्टर सगळ्यात जास्त राबतो तो बागेत. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा (कोवळा फुटवा) फुटला की डावण्या या बुरशीच्या रोगाची धास्ती सुरू होते. परतीचा पाऊस रात्री पडून गेला तर सकाळी फवारणी झालीच पाहिजे, वाफशाची वाट बघत बसता येत नाही. बागायतदार स्वतःचा ट्रॅक्टर घेतो तो या दिवसांसाठी. भाड्याचा ब्लोअर (ट्रॅक्टरवर चालणारं पंख्याचं फवारणी यंत्र) त्या सकाळी सगळ्या गावाला एकाच वेळी हवा असतो. म्हणून बागेसाठी फोर व्हील ड्राइव्हवर तडजोड नको. टू व्हील ट्रॅक्टर मागे ६०० लिटरचा भरलेला ब्लोअर घेऊन काळ्या चिखलात गेला की मागची चाकं जागेवर फिरतात, चाकोरी खोल होते आणि पुढच्या फवारणीला त्याच चाकोरीत पोट टेकतं. फोर व्हीलला जास्त मोजावे लागणारे पैसे एका वाचलेल्या बहरात वसूल होतात.

आता रुंदी. ओळ नऊ फुटांची असली तरी ट्रॅक्टरला नऊ फूट मिळत नाहीत. वाय पद्धतीत (वाय आकाराच्या अँगलवर चढवलेल्या वेलींत) दोन्ही बाजूंच्या काड्या मध्ये झुकतात, मांडवात घड खाली लोंबतात. टायरच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत साडेतीन फुटांच्या आसपास बसणारा ट्रॅक्टर आठ-नऊ फुटी ओळीत मोकळा चालतो. माहितीपत्रकातली रुंदी चाकं आतल्या खुणेवर बसवून मोजलेली असू शकते, तेव्हा शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाडीला स्वतः टेप लावा. उंचीही मोजा. मांडवाची उंची खांबाजवळ नव्हे, दोन खांबांच्या मध्ये घडांच्या वजनाने तार जिथे खाली येते तिथे मोजायची. रोलओव्हरची कमान (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारी) दुमडणारी हवी. सायलेन्सर बॉनेटच्या वर उभा नको, खाली किंवा बाजूला काढलेला हवा. उभ्या सायलेन्सरच्या झळीने पानं आणि घड भाजतात. ओळीच्या टोकाला ताणाच्या तारा आणि अँगल असतात. ओढायच्या ब्लोअरला वळायला तिथे निदान पंधरा फूट मोकळे लागतात. तेवढी जागा नसेल तर ट्रॅक्टर कितीही चांगला असो, प्रत्येक ओळीला मागे-पुढे करावं लागेल आणि क्लच प्लेट लवकर जाईल.

क्लचवरच थोडं थांबायला हवं, कारण हे कोणी सांगत नाही. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये गिअर बदलायला पाय दाबला की पीटीओसुद्धा (अवजाराला इंजिनची ताकद देणारा मागचा फिरता शाफ्ट) थांबतो. ब्लोअरचा पंखा मंदावतो, पंपाचा दाब पडतो, आणि वळणावरच्या दोन-तीन झाडांवर औषध नुसतं ओघळतं. डावण्या आधी तिथेच दिसतो. ड्युअल क्लच किंवा वेगळा पीटीओ क्लच असेल तर ट्रॅक्टर उभा राहिला तरी पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर आणि पंखा चालू राहतो. ब्लोअर हेच मुख्य काम असेल तर ही सोय आहे का, ते पहिल्याच भेटीत विचारा, आणि तोंडी उत्तरावर न थांबता चालवून बघा.

ब्लोअरचा हिशोब असा बसतो. नऊ फुटी ओळ आणि ताशी चार किलोमीटर वेग धरला, तर वळणं सोडून एकराला साधारण २२ मिनिटं लागतात. आठ फुटी ओळीला २५. एकरी ४०० लिटर पाणी द्यायचं तर नोझलमधून मिनिटाला सुमारे १८ लिटर गेलं पाहिजे आणि ६०० लिटरच्या टाकीत दीड एकर होतो. म्हणजे कमी रेसवर ताशी चारच्या आसपासचा गिअर ट्रॅक्टरकडे हवा. पीटीओला ५४० ई (ई म्हणजे इकॉनॉमी) ची सोय असेल तर हलक्या ब्लोअरला इंजिन कमी फेऱ्यांवर ठेवता येतं आणि डिझेल वाचतं. मात्र मोठ्या पंख्याला ई मोडवर घातलं की इंजिन दबतं, काळा धूर येतो आणि पंख्याची हवा कमी पडते.

जॅकवर (ट्रॅक्टरमागच्या हायड्रोलिक उचलीवर) उचलायचा ब्लोअर घेणाऱ्यांनी वजनाचं गणित आधी करावं. कंपनी सांगते ती ७५० किलोची उचल खालच्या लिंकच्या टोकाला असते. टाकीचं वजन त्याच्या दीड-दोन फूट मागे पडतं आणि तिथे प्रत्यक्ष उचल बरीच कमी होते. ४०० लिटर पाणी आणि दीडशे किलोचा सांगाडा एक टनाच्या आसपासच्या ट्रॅक्टरला लावला की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग फिरतं पण गाडी वळत नाही. पुढे वजनं लावा, नाहीतर २०० लिटरच्या टाकीवर थांबा.

आता मॉडेल. महिंद्रा जिवो २४५ डीआय फोर व्हील हा दोन सिलिंडरचा, २४ एचपीचा, पीटीओला २२ एचपी देणारा आणि ७५० किलो उचलणारा ट्रॅक्टर आहे. कमी फेऱ्यांवर ताकद धरून ठेवतो, हा त्याचा मोठा गुण. याची अरुंद व्हाइनयार्ड आवृत्तीही आहे. दोन सिलिंडरमुळे थरथर जास्त जाणवते. कुबोटा निओस्टार बी२४४१ तीन सिलिंडरचा, तोही २४ एचपीचा. तो मऊ चालतो, आटोपशीर आहे, बागेत वळायला सोपा. त्याची ताकद वरच्या फेऱ्यांवर आहे, रेस कमी ठेवून दाबत चालवायची सवय असेल तर तो नाराज करेल. महिंद्राची ओजा मालिका २०२३ मध्ये आली. तीन सिलिंडर, १२ पुढचे आणि १२ मागचे गिअर, ९५० किलो उचल. टोकाला जागा कमी असलेल्या बागेत मागे-पुढे करणं हिच्यात सगळ्यात सोपं. पण इलेक्ट्रॉनिक भाग जास्त असलेला प्रकार घेणार असाल तर जवळच्या मेकॅनिककडे तो तपासायचं साधन आहे का, ते आधी बघा. स्वराज टार्गेट ६३० हा २९ एचपीचा, ९८० किलो उचलणारा ट्रॅक्टर. बाग आणि थोडा ऊस असं मिश्र रान असेल तर आमची पहिली पसंती याच ताकदीच्या गटाला. त्याच गटात जॉन डिअर ३०२८ ईएन येतो. २८ एचपी, बांधणी दणकट, आणि त्याबरोबर किंमतही वरची.

नुसती बाग आणि ती पाच एकरांच्या आत असेल, तर २४ एचपी पुरेसे. जास्त एचपीचे पैसे ब्लोअरमध्ये घाला. चांगला पंखा आणि चांगली नोझल पानाच्या खालच्या बाजूपर्यंत औषध पोचवतात, जास्तीचे एचपी नाही.

उसात गोष्ट वेगळी. साडेचार फुटी सरी म्हणजे १३७ सेंटीमीटर. एक मीटर रुंद ट्रॅक्टर मध्ये घातला तर दोन्ही बाजूंना जेमतेम १८ सेंटीमीटर उरतात. बाळबांधणीपर्यंत (उसाला पहिली हलकी मातीची भर) ठीक, मोठ्या बांधणीला (नंतरची मोठी भर) ऊस कमरेच्या वर गेलेला असतो आणि ट्रॅक्टर तो मोडत जातो. ज्यांना मोठी बांधणीही ट्रॅक्टरनेच करायची आहे त्यांनी लागण करतानाच पाच फुटी सरी सोडावी, किंवा ११ ते १५ एचपीचं अरुंद यंत्र बघावं. ११ एचपीचा पेट्रोलवरचा स्वराज कोड याच आंतरमशागतीसाठी बनवला आहे, नांगरटीची अपेक्षा त्याच्याकडून नको. १५ एचपीचा महिंद्रा युवराज २१५ हलक्या रानात फणणी, कोळपणी, छोटी ट्रॉली एवढं नीट करतो.

मिनी ट्रॅक्टरने काय होत नाही, हेही स्पष्ट असू द्या. कृष्णाकाठच्या काळ्या रानात पलटी नांगराची फूटभर खोल नांगरट होत नाही. खोडव्यातल्या पाचटाची कुट्टी करणारं यंत्र फिरत नाही. कारखान्याला उसाची ट्रॉली ओढणं तर अजिबात नाही. ओढण्याचं एकवेळ जमेल, पण उतारावर मागचं वजन ट्रॅक्टरला ढकलतं आणि ब्रेक पुरत नाही. ही कामं वर्षातून एक-दोनदा ५० एचपीच्या भाड्याच्या ट्रॅक्टरकडून करून घेणं स्वस्त पडतं.

रोटरच्या (रोटाव्हेटरच्या) बाबतीत विक्रेते चार-साडेचार फुटांचा रोटर गळ्यात मारतात. २२ पीटीओ एचपीला मुरमाड रानात चार फुटी चालतो, काळ्या रानात साडेतीन फुटी घ्या. रोटर टायरच्या बाहेरच्या कडेइतका तरी रुंद हवा, नाहीतर चाकाचा माग दबलेला राहतो. हे दोन्ही जमवायचं तर पुन्हा अरुंद ट्रॅक्टरकडेच यावं लागतं. खोली चार-पाच इंच पुरे. बांधाशी वळताना रोटर पूर्ण उचलून पीटीओ चालूच ठेवण्याची सवय वाईट. शाफ्टचा कोन वाढतो आणि त्याच्या सांध्यातला क्रॉस तुटतो. रोटर चालवताना जॅक पोझिशन लिव्हरवर (अवजार एकाच उंचीवर धरणारा), नांगर आणि फणणीला ड्राफ्ट लिव्हरवर (ओढीच्या ताणाप्रमाणे अवजार वर-खाली करणारा). ड्राफ्टवर रोटर चालवला की रान वर-खाली होतं आणि दोष रोटरला दिला जातो.

जावळी, पाटणच्या तालीवर मात्र आधी वाट बघा. एका खाचरातून दुसऱ्यात उतरायला रॅम्प नसेल तर पॉवर टिलरच बरा. अरुंद ट्रॅक्टर आडव्या उतारावर कलंडतो, आणि बांधाच्या कडेला माती सुटली की सावरायला वेळ मिळत नाही. इथे चाकं बाहेरच्या खुणेवर बसवा, कमान उभी ठेवा, चढावर ओझं असेल तर मागे घेत वर जा.

फोर व्हीलची काळजी वेगळी असते. पुढची चाकं मागच्यापेक्षा किंचित पुढे ओढतील अशी गिअरची जुळणी असते, म्हणून डांबरी रस्त्यावर फोर व्हील सुटी करायचीच. नाहीतर टायर घासतात आणि पुढच्या एक्सलवर ताण येतो. टायर बदलताना पुढचे वेगळ्या मापाचे घातले की ही जुळणी बिघडते. चिखलात काम झालं की पुढच्या एक्सलच्या ऑइल सीलभोवती गुंडाळलेलं गवत, सुतळी काढा; सील कापली गेली की तेल बाहेर आणि पाणी आत. बोर्डो मिश्रण आणि गंधकाच्या फवाऱ्याने बॅटरीचे टर्मिनल, वायरचे जोड आणि रेडिएटरच्या जाळ्या खाल्ल्या जातात. फवारणी संपली की साध्या पाण्याने धुवा, रेडिएटरला आतून बाहेर पाणी मारा, प्रेशर लांबून. बागेत गरम होणारा ट्रॅक्टर बहुतेक वेळा पानांनी बुजलेल्या जाळीमुळे गरम होतो. पीटीओ शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून फेकू नका. पदर, टॉवेल, शर्टाची बाही त्यात ओढली गेली तर ओरडायलाही वेळ मिळत नाही.

अनुदान घ्यायचं असेल तर क्रम पाळा. शेतकरी ओळख क्रमांक, राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, पूर्वसंमती, मग खरेदी. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल चालत नाही. ट्रॅक्टरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या कोटेशनवर सौदा करू नका. मध्य प्रदेशातल्या बुदनी इथल्या केंद्रीय संस्थेचा तपासणी अहवालही मागा. पीटीओची खरी ताकद, उचल आणि डिझेलचा खप त्यात मोजलेला असतो.

शेवटचा शब्द डीलरपेक्षा तालुक्यातल्या स्पेअर पार्टच्या दुकानाला द्या. तिथे जाऊन तीन वस्तू विचारा: पुढच्या एक्सलची ऑइल सील, क्लच प्लेट, हायड्रोलिक फिल्टर. शेल्फवरून काढून दिल्या तर तो ट्रॅक्टर यादीत ठेवा, "मागवून देतो" म्हटलं तर ऑक्टोबरमध्येही तेच उत्तर मिळेल हे धरून चला. मग डेमो स्वतःच्या रानात, स्वतःच्या अवजारासह, टाकी भरून आणि शक्यतो पाणी पाजल्याच्या दुसऱ्या दिवशी घ्या. अवजार उचलून इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. जॅक खाली बसत गेला तर ती गाडी परत पाठवा. नवीन गाडी घरी आल्यावर पहिली सर्व्हिस अवर मीटरवर ५० तास झाले की लगेच करायची. घासून सुटलेला लोखंडाचा बारीक चुरा त्या पहिल्या तेलात आणि फिल्टरमध्ये असतो, आणि फवारणीच्या गडबडीत नेमकी हीच सर्व्हिस पुढे ढकलली जाते.