उसासाठी जिवाणू खतं: कोणती घ्यावीत, कोणती दुकानातच राहू द्यावीत

कोल्हापुरातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात आता जिवाणू खतांची अख्खी फळी भरलेली असते. उसाच्या लावणीसाठी त्यातल्या दोनच वस्तू पैसे वसूल करतात: ॲसेटोबॅक्टर आणि पीएसबी, म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचं असो, कृषी महाविद्यालयाचं असो की खासगी कंपनीचं, जिवाणू तोच. फरक पडतो तो बाटलीत किती जिवंत शिल्लक आहेत यानं.

ॲसेटोबॅक्टर १९८८ मध्ये ब्राझीलच्या उसातून नोंदवला गेला. ॲझोटोबॅक्टर हा नत्र देणारा दुसरा जिवाणू मुळांभोवतीच्या मातीत राहतो, हा मात्र थेट कांडीत, मुळांत, पानांत शिरतो. दहा टक्के साखरेच्या द्रावणातही वाढणारा जिवाणू असल्यानं उसाचा रस त्याला मानवतो आणि हवेतला नत्र (नायट्रोजन) तो पिकाला आतूनच देतो. पण पोट भरलेल्या उसात त्याला थारा नाही. रासायनिक नत्र जास्त झालं की उसातली त्याची संख्या घटते. म्हणूनच युरियाची पोती नेहमीइतकीच टाकून वर जिवाणू सोडले तर फरक दिसत नाही, आणि बोल मात्र बाटलीला लागतो.

वापर सोपा आहे, क्रम मात्र चुकवू नका. आधी बुरशीनाशक आणि कीटकनाशकाच्या द्रावणात टिपरी (लावणीसाठी तोडलेले उसाचे तुकडे) १० ते १५ मिनिटं बुडवायची, सावलीत निथळून सुकवायची. मग १०० लिटर पाण्यात १० किलो ॲसेटोबॅक्टर आणि सव्वा किलो पीएसबी कालवून त्यात ३० मिनिटं. हे प्रमाण भुकटीचं, एक हेक्टरच्या बेण्यासाठी. द्रवरूप घेतलं तर डब्यावरची मात्रा पाळायची, भुकटीचे किलो लिटरमध्ये मोजायचे नाहीत. गडी कमी असले की दोन्ही द्रावणं एकाच पिंपात ओतली जातात. तिथंच सगळं फसतं. नळाचं क्लोरिनचं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेवून मगच वापरा. बुडवलेलं बेणं उन्हात पडू न देता त्याच दिवशी सरीत गेलं पाहिजे.

कृषी विद्यापीठाची शिफारस या प्रक्रियेनंतर नत्र ५० टक्के आणि स्फुरद २५ टक्के कमी करण्याची आहे. आमचं मत थोडं सावध आहे: पहिल्या वर्षी दोन्ही २५ टक्केच कमी करा. सुरू (हिवाळ्याअखेर लावलेल्या) उसाची नत्र, स्फुरद, पालाशची मात्रा हेक्टरी २५०:११५:११५ किलो, म्हणजे एकरी १०० किलो नत्र आणि ४६ किलो स्फुरद. त्यातून एक पोतं युरिया आणि अर्धं पोतं डीएपी (नत्र-स्फुरद दोन्ही असलेलं खत) वगळलं की जवळपास नेमकी चौथाई कपात होते. रुपयांत पाहाल तर युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना आणि डीएपीचं १,३५० ला धरून एकरी साधारण ९४० रुपये वाचतात. यानं कुणी श्रीमंत होत नाही, कारण युरियावर सरकारचं अनुदान आहे. खरा फायदा जमिनीचा, आणि ऐन भरणीला डीएपीसाठी रांगेत उभं राहण्याची वेळ थोडी कमी येते तो.

बाटली घेताना उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, बॅच नंबर, जिवाणूचं नाव आणि संख्या बघा. खत नियंत्रण आदेशानुसार पीएसबी, ॲझोटोबॅक्टरसारख्या खतांच्या द्रवरूपात एका मिलिलिटरला किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत, भुकटीत एका ग्रॅमला ५ कोटी. नुसतं ‘भरपूर जिवाणू’ छापलेलं असेल तर परत ठेवा. बाटली फुगलेली असेल, उघडताच कुजका वास आला, किंवा दुकानदारानं ती उन्हाच्या काचेत मांडली असेल, तरी तेच. घरी आणल्यावर पत्र्याच्या शेडमध्ये युरियाच्या थप्पीवर ठेवू नका. मे महिन्यात तिथं ती शिजते.

ठिबकमधून सोडताना पिंपात गूळ घालायची आपल्याकडे पद्धत आहे. तासा-दोन तासांपुरतं चालतं. दोन-तीन दिवस आंबवलं तर हवेतले भलतेच जंतू माजतात आणि विकत आणलेले मागे पडतात. रासायनिक खत आणि जिवाणू यांत आठवडाभराचं अंतर ठेवा. लॅटरल (ठिबकच्या नळ्या) ॲसिडनं किंवा क्लोरिननं धुतल्या असतील तर आधी साध्या पाण्यानं स्वच्छ करून घ्या.

‘एकाच बाटलीत सगळं’ या मालाबद्दल आम्ही फारसे उत्साही नाही. त्यात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी असेल आणि बेण्याला कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावलं असेल, तर ती बुरशी तिथंच संपते. पालाश (पोटॅश) मोकळं करणाऱ्या जिवाणूच्या भरवशावर पोटॅश कमी करू नका. साखर भरायला पालाश लागतं, गुऱ्हाळाला ऊस देणाऱ्यांनी तर हा खेळ करूच नये.

जमीनही बघावी लागते. पीएसबी सेंद्रिय आम्लं सोडून चुन्याशी बांधलेलं स्फुरद सोडवतो, त्यामुळे पंचगंगाकाठच्या काळ्या रानात त्याचं काम जास्त दिसतं. राधानगरी, गगनबावड्याच्या तांबड्या, आम्लधर्मी मातीत स्फुरद लोह-ॲल्युमिनियमशी अडकलेलं असतं, तिथं अपेक्षा कमी ठेवा. शिरोळकडच्या क्षारपड, पाणी साचणाऱ्या रानात आधी चर काढा. मुळांना हवा नाही तर यांनाही नाही.

खोडव्याला (तोडणीनंतर बुडख्यातून फुटणाऱ्या उसाला) पाचट, म्हणजे वाळलेला पाला, जाळून जिवाणू सोडणं म्हणजे पाहुण्याला उपाशी ठेवून कामाला लावणं. पाचट सरीत दाबा आणि टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजवणारं संवर्धन टाका. हा युरिया जिवाणूंच्या पोटासाठी आहे. तो वाचवला तर कुजताना तेच जिवाणू पिकाचं नत्र ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो.

सोयाबीनला रायझोबियम (मुळांवरच्या गाठींत राहून नत्र देणारा जिवाणू) १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, पाकिटावर सोयाबीनच लिहिलेलं हवं. मुगाचं चालत नाही. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी झाड मुळासकट उपटून गाठ नखानं फोडा. आत गुलाबी असेल तर नत्र बांधलं जातंय, पांढरी किंवा हिरवट असेल तर पाकीट वाया गेलं. उसात असं फोडून बघता येत नाही, म्हणून चार सऱ्या बिनाजिवाणूच्या ठेवा. खत दोन्हीकडे सारखंच कमी करा आणि तोडणीला वजन वेगळं घ्या.