कितले? आमच्या वाड्यावरच्या पोदेराचा पाव

बदली होऊन गोव्यात आलेली मराठी मंडळी मला हटकून दोन गोष्टी विचारतात. मासे कुठले घ्यायचे आणि पाव कुठला. माशांतलं मला आजही कळत नाही, मी मिरजेकडची, ज्वारीवर वाढलेली. पावाबद्दल मात्र सांगू शकते. २००५ पासून कुठ्ठाळीत एकाच भट्टीचा पाव खातोय. पोदेर, म्हणजे दारोदार पाव देणारे, तीन बदलले, भट्टी तीच. तिला नाव नाही, पाटी नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी माल काय मिळतो ते. सायकलच्या मागे बांबूची टोपली, वर निळं प्लॅस्टिक, हँडलला रबरी भोंगा. टोपलीत साधा मऊ पाव, कडक पाठीचा उंडो, कोंडा लावलेली पोळी आणि बांगडीसारखी कुरकुरीत काकणं. कधीमधी कात्रीने कापून फुलवलेले कात्रे पाव. आम्ही पोळी घेतो.

या पोळीवरून पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली होती. शेजारीण म्हणाली, "सकाळी पोळी येता." मला वाटलं, काय गाव आहे, पोळ्या करून दारात आणून देतात! कणीक भिजवलीच नाही. आणि हातात पडला हा गोल, फुगलेला, आतून पोकळ पाव. सासूबाईंनी तो दाबून पाहिला, सगळी हवा निघाली. "वारा भरलाय ह्यात," त्या म्हणाल्या, "वाऱ्याचे पैसे घेतोय मेला." महिन्याभरात त्याच पोकळीत त्या पिठलं भरून खायला लागल्या. पोळीत पिठलं आणि वर लसणाची चटणी हे एकदा खाऊन बघा. इथल्या लोकांना सांगितलं की ते हसतात, मग घरी करतात.

चव चांगली. लाकडावरची भट्टी असल्यामुळे पाठीला धुराचा किंचित वास येतो, तो गॅसच्या ओव्हनमधल्या पावाला येत नाही. पूर्वी पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे ताडी, घालत, आता यीस्ट. जुनी माणसं म्हणतात, ती चव गेली. मी सुरेची पोळी खाल्लेली नाही, त्यामुळे मला दुःख नाही. एक गोष्ट मात्र नर्स म्हणून सांगते. पोळी तपकिरी दिसते म्हणून तिला मधुमेहाचं औषध समजू नका. आमच्या पोदेराने स्वतः कबूल केलंय की आत मैदा भरपूर असतो, कोंडा मुख्यतः वरून. आमच्या ह्यांना साखर आहे. एक खाल्ली तर चालते, तीन खाल्ल्या तर ग्लुकोमीटर बरोबर चहाडी करतो.

भट्टी एकदा आत जाऊन पाहिली. रात्रपाळी संपवून पहाटे परतताना उजेड दिसला म्हणून डोकावले. मातीचा घुमट, आत लाकडं जळून निखारे झालेले. ते बाहेर ओढून ओल्या गोणपाटाने तळ पुसत होते, त्याची चर्र वाफ. मग लांब दांड्याच्या फळीवरून पिठाचे गोळे आत सरकवायचे, तोंडाला पत्रा लावायचा. कामाला सगळी पोरं कर्नाटकाकडची. आमचा आत्ताचा पोदेर खानापूरचा, घरी मराठी बोलतो. वाड्यावर सगळ्यांशी कोकणी, माझ्याशी मराठी. मला काकी म्हणतो. पण दारात आल्यावर पहिला शब्द मात्र कोकणीच, "किती?" या अर्थाचा: "कितले?"

हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आम्ही ख्रिस्ती. इथे हे सांगितलं की लोक दोनदा बघतात, कारण त्यांच्या हिशेबात मराठी म्हणजे हिंदू आणि किरिस्तांव म्हणजे कोकणी. मी त्यांना सांगते, बाबांनो, इथून फार लांब नाही त्या राशोलला १६१६ साली थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्रीने ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत छापली. आम्ही तुमच्या गावात उशिरा आलो, आमची भाषा आधीच येऊन गेली होती. कोणी ऐकून घेतं, कोणी नाही.

लहानपणी प्रार्थना शिकले ती "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" अशी. डोळे मिटले की आईची ज्वारीची भाकर दिसायची, कडा जराशा करपलेली. इथे शेजारणीच्या घरच्या प्रार्थनेला पहिल्यांदा बसले तेव्हा तीच ओळ कोकणीत ऐकली: "आमचो दिसपट्टो गिरास आयज आमकां दी." गिरास म्हणजे ग्रास, घास. माझ्या भाकरीचा त्यांच्याकडे घास झालेला. अख्खी भाकर मागायची आणि एक घास मागायचा यात फरक आहे, असं तेव्हा उगाच मनात आलं. पुढे तो फरक चांगलाच कळला.

आमचे हे वेल्डर. बार्ज, म्हणजे नदीतल्या मालवाहू बोटी, दुरुस्तीच्या यार्डात काम. खनिजाच्या बार्जी चालल्या तर यांचं काम, नाहीतर नाही. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा कसंबसं निभावलं. पुन्हा सुरू झाल्या. मग मार्च २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने पुन्हा थांबल्या आणि जूनपर्यंत यार्डाने माणसं कमी केली. पहिल्या यादीत हे. मागचे दोन पगार अडकले ते अडकलेच. घरात पाच माणसं, मुलगा बारावीत, मुलगी आठवीत, सासूबाईंच्या गोळ्या, भाडं. माझा पगार खासगी नर्सिंग होममधला, तो किती असतो ते त्या धंद्यातल्यांना माहीत आहे.

आणि रोज सकाळी सव्वासहाला भोंगा. "कितले?"

आधी आमचं उत्तर ठरलेलं होतं, आठ. जुलैत एका सकाळी मी "चार" म्हटलं. त्याने वर पाहिलं नाही, चार मोजून दिले. बरं वाटलं. पाहिलं असतं तर मी आत गेले असते.

विश्वासाबद्दल मी लिहिणार नव्हते, पण त्याशिवाय ही पावाची गोष्ट अर्धी राहील. त्या दिवसांत माझी प्रार्थना म्हणजे तक्रार होती. संडे स्कूलमध्ये मी मुलांना बायबलमधल्या सारफथच्या विधवेची गोष्ट शिकवायचे, तिच्या मडक्यातलं पीठ संपलं नाही. माझं संपलं. दोनदा. डबा झटकून पेपरावर पडलेलं पीठसुद्धा गोळा केलंय मी. ह्यांनी उपासनेला येणं बंद केलं, कारण बाहेर पडताना जो तो विचारायचा, "काय, लागलं का काही?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण माणूस देवासमोर डोकं टेकवून उठतो आणि दारात पुन्हा बेकार होतो.

मला त्यातून बाहेर काढलं ते प्रवचनाने नाही, या मोजण्याने. रोज एक माणूस दारात येऊन विचारतो, तुला आज किती लागतात? उद्याचं विचारत नाही. आणि मला उत्तर द्यावं लागतं, म्हणजे घरातली माणसं मनात मोजावी लागतात. आज मुलगा मित्राकडे अभ्यासाला, एक कमी. आज आईंना, म्हणजे सासूबाईंना, ताप, त्यांना पेज, एक कमी. आज ह्यांना एक दिवसाचं काम मिळालंय, डबा न्यायचाय, दोन जास्त. बायबलच्या निर्गममध्ये रानात देवाने दिलेला मान्ना गोळा करायचा तो असाच, ज्याला जेवढा लागेल तेवढा, आणि उरवून ठेवला तर किडे पडायचे. ही गोष्ट मी मुलांना कितीदा सांगितली असेल. पोळीसुद्धा दुसऱ्या दिवशी चामडं होते. (ओल्या हाताने पुसून तव्यावर झाकण ठेवून दोन मिनिटं गरम करा, खाण्यासारखी होते. तिसऱ्या दिवशी काही करू नका, कोंबड्यांना घाला.)

प्रेषित पौलाने तुरुंगातून लिहिलंय की असेल त्या स्थितीत समाधानी राहायला तो शिकला आहे. मी ते वाक्य लहानपणापासून ऐकत आले, पण त्यातला "शिकला" हा शब्द मला चाळिशीत दिसला. म्हणजे त्यालाही आधी येत नव्हतं.

आता उधारी, कारण नवीन लोकांना हाच प्रश्न असतो. मिळते. त्याच्याकडे एक चौकोनी वही आहे, पावसात फुगलेली, त्यात घराच्या खुणेने खाती. आमचं खातं "पेरू" या नावाने, दारात पेरूचं झाड आहे म्हणून. २०१९ च्या पावसाळ्याच्या शेवटी मी हिशेब मागितला तेव्हा आकडा कमी वाटला. मी माझ्या कॅलेंडरवर रोजचा आकडा लिहायचे, ते काढून आणलं. रविवार एकही वहीत नव्हता. साठ रविवार, चार पोळ्या, तेव्हा चार रुपयाला एक. नऊशे साठ रुपये.

मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "रविवारी भोंगा वाजवताना वही काढायला वेळ मिळत नाही, काकी." साफ खोटं. मला राग आला. खरंच राग आला, कृतज्ञता वगैरे काही नाही. आम्ही काय भिकारी वाटलो तुला, असं अगदी तोंडापर्यंत आलं होतं. रात्री ह्यांना सांगितलं तर हे बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "देऊ हळूहळू. पण त्याला असं बोलू नकोस. घेता येणंही शिकावं लागतं." कामावरून काढल्यापासून ह्यांच्या तोंडून एवढं लांब वाक्य मी ऐकलं नव्हतं.

पाच हप्त्यांत दिले. शेवटचा हप्ता त्याने घेतला, नोटा थुंकी लावून दोनदा मोजल्या आणि वहीत "पेरू" वर आडवी रेघ मारली. नको नको म्हणाला नाही. त्याने दोनदा मोजलं याचं मला जे समाधान वाटलं ते त्याला समजावून सांगता येणार नाही, सांगितलंही नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि काही दिवस भोंगा वाजलाच नाही. माझी सकाळची झोप मोडते म्हणून मी याच भोंग्याला पंधरा वर्षं शिव्या घातल्या होत्या. त्या दिवसांत आम्ही सगळे सव्वासहाला आपोआप जागे, कान दाराकडे. मिरजेहून आणलेलं ज्वारीचं पीठ उरलं होतं, आईंनी बसल्या बसल्या भाकऱ्या थापल्या. त्यांच्या हातची ती शेवटची मोठी थप्पी.

२०२१ च्या पावसाळ्यात आई गेल्या. दफनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा वाजला, मी दारात गेले. "कितले?" मी म्हटलं, "पाच." त्याने पाच काढले. मी पदर पसरला होता तो तसाच. मग त्याने एक काढून हळूच परत टोपलीत ठेवला आणि वर प्लॅस्टिक ओढलं. मी काही बोलले नाही, तोही नाही. चार घेऊन आत आले. चहाच्या वेळी मुलीने विचारलं, "काकण नाही घेतलं?" काकण फक्त आईच खायच्या, दात नव्हते म्हणून चहात बुडवून. पुढे आठवडाभर मी काकणं घेत राहिले. त्याने विचारलं नाही कुणासाठी.

आता तक्रारी, नाहीतर सगळं गोडगोडच होईल. एक, पावसात पोळी दमट येते, प्लॅस्टिकखाली घाम धरते. घेतल्या घेतल्या कागदावर पसरा. दोन, सुट्टे पैसे ठेवा. आता पोळी महागलीय, आणि मोबाईलवरून पैसे घ्यायचा कागद सायकलला लावलेला आहे, पण त्यावरचं प्लॅस्टिक इतकं चिरलंय की स्कॅन होत नाही. तीन, तो गावी गेला की तीन आठवडे येत नाही आणि बदली पोरगा आमच्या गल्लीत वळतच नाही. चार, संध्याकाळची फेरी साडेचारची म्हणतात, पाचच्या आत कधी पाहिलेली नाही.

पाचवी तक्रार ह्यांची. हल्ली पाव घ्यायला तेच जातात. कुठ्ठाळीला छोटंसं वेल्डिंगचं काम करतात, खिडक्यांचे गज, गेटं. उपासनेलाही येतात, मागच्या बाकावर बसतात आणि संपताच पहिले बाहेर. ह्यांचं म्हणणं, पोळी खालून करपवतात. मलाही ते पटतं, म्हणून पाचातला अर्धा तारा मी कापतेय. गेल्या आठवड्यात ह्यांनी त्याला दारातच काळी पाठ दाखवली. तो म्हणाला, "काका, खालून नीट भाजला असेल तरच पाव वाजतो. वाजवून बघा."

ह्यांनी वेल्डिंगच्या बोटाने पाठीवर टकटक केलं, कानाशी धरलं, पुन्हा केलं. मग टोपलीतली दुसरी घेतली, तीही वाजवली.

"कितले?" पोदेराने विचारलं.

"थांब की," हे म्हणाले, आणि तिसरी उचलली.