एस्सिटालोप्राम : सात-आठ महिने घेतल्यानंतर

मिक्सर आणि मोबाइलचे अनुभव लोक पानंच्या पानं लिहितात. डिप्रेशनच्या गोळीबद्दल आमच्या सोलापुरात विचारलं तर दोनच उत्तरं येतात. एक, "नादाला लागू नको, सवय लागते." दुसरं, "माझा मेहुणा घेतो, पण कुणाला सांगू नको." मला गोळी सुरू करण्याआधी ज्या गोष्टी वाचायला मिळायला हव्या होत्या, त्या इथे लिहितोय.

मी शाळेच्या युनिफॉर्मच्या युनिटमध्ये कटिंग मास्तर आहे. गेल्या जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, सीझन संपला. दरवर्षी सीझनचा थकवा आठवडाभरात उतरतो, तो यंदा उतरलाच नाही. पहाटे तीनला टक्क जाग. जेवणावर वासना नाही. टेबलावर कापडाचे थर अंथरून तयार, आणि मार्कर, म्हणजे तुकड्यांच्या मांडणीचा आखलेला कागद, कुठून लावायचा तेच सुचेना. फॅमिली डॉक्टरांनी आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासायला लावलं. ते सगळं ठीक निघालं, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली.

तिथे पीएचक्यू-९ नावाचा कागद भरून घेतला. नऊ प्रश्न. मागच्या दोन आठवड्यांत झोप, भूक, लक्ष लागणं, मरणाचे विचार वगैरेंचा त्रास कितपत झाला, याला ० ते ३ गुण. एकूण २७. साधारण १० किंवा त्याहून जास्त आले की डॉक्टर गांभीर्याने बघतात. माझे त्यापेक्षा बरेच जास्त होते. हा कागद मराठीतही मिळतो. पुढे दर भेटीला तोच भरायचा, म्हणून "बरं वाटतंय का" या प्रश्नाला थातूरमातूर उत्तर देता येत नाही.

गोळी ५ मिलिग्रॅमने सुरू झाली, नंतर १०. सुरुवातीचे दिवस सरळ सांगायचे तर वाईट. मळमळ, तोंडाला कोरड, सारख्या जांभया, आणि आतून विनाकारण घालमेल. डॉक्टरांनी काय काम करता ते विचारलं होतं आणि अंगाला गोळी सवयीची होईपर्यंत कटिंग मशीनला हात लावू नका म्हणून बजावलं होतं. तेवढे दिवस मशीन हेल्परने धरलं, मी नुसता उभा. या गोळीचे त्रास आधी येतात आणि फायदा मागून, दोन ते चार आठवड्यांनी, काहींना त्याहूनही उशिरा. बरेच लोक नेमके याच टप्प्यात गोळी सोडतात, असं डॉक्टर म्हणाले, आणि का सोडतात ते मला चांगलंच कळलं. पंचविशीच्या आतल्या मुलांवर या काळात घरच्यांनी जास्तच लक्ष ठेवायचं असतं, कारण काहींच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात. तसं काही जाणवलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना गाठायचं. रात्री-अपरात्री बोलायला सरकारची टेलि-मानस लाइन आहे, १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतही.

फायदा सुरू झाला तो मला कळलाच नाही, इतरांना कळला. आधी झोप. बायको म्हणाली, "आज साडेपाचपर्यंत घोरत होता." मग जेवण. आईने न सांगता भाकरी वाढली आणि मी शेंगाचटणीबरोबर खाल्ली, हेही तिनेच मोजलं. आणि एका दुपारी हेल्पर हसत म्हणाला, "मास्तर, तुम्ही परत कटकट करायला लागलात बघा." मार्करमध्ये कॉलरचे तुकडे सुटे-सुटे टाकून त्याने कापड वाया घालवलं होतं, त्यावरून मी त्याला झापत होतो. कित्येक महिने पोरं कापड कशीही कापत होती आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. त्या वेळी मला विचारलं असतं, तर मी "काही फरक नाही" असंच सांगितलं असतं. म्हणून डॉक्टर घरातलं एखादं माणूस बरोबर आणा म्हणतात, ते उगीच नाही.

आनंद सगळ्यात शेवटी आला आणि तोही अजून पुरता आलेला नाही. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला गेलो. आदल्या वर्षी गर्दीच्या नुसत्या विचाराने घरी बसलो होतो, यंदा मुलीला घेऊन संमती कट्ट्यापाशी उभा राहिलो. नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, सगळं तेच. पण सिद्धेश्वराच्या लग्नसोहळ्याच्या अक्षता पडताना दरवर्षी अंगावर काटा येतो, तो आला नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे सांगितलं. दुःखाबरोबर इतर भावनाही थोड्या बोथट होणं हा या गोळ्यांचा माहितीतला परिणाम आहे, आणि डोस बदलून किंवा औषध बदलून बघता येतं, असं ते म्हणाले. नवरा-बायकोच्या संबंधांवरही परिणाम होतो. इच्छा कमी होते, वेळ लागतो. हे चिठ्ठीवर कुणी लिहीत नाही आणि पेशंट लाजून विचारत नाही. विचारा. त्यावरही उपाय असतात.

सवय लागते का? दारू-तंबाखूसारखी तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. पण अचानक तुटली तर अंग कुरकुरतं. मध्ये एका लग्नाला तालुक्याच्या गावी गेलो, मुक्काम वाढला, पट्टी संपली आणि तिथल्या दुकानात हे औषध नव्हतं. दुसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात करंटसारखा झटका. सोलापूरला येऊन गोळी सुरू केल्यावर थांबलं. तेव्हापासून पाकिटात एक जादा पट्टी असते. बंद करायची तीही डॉक्टरांच्या हिशेबाने, डोस हळूहळू उतरवत.

आणखी एक, आमच्या धंद्यातल्यांसाठी खास. दिवसभर वाकून कंबर धरते, आणि आपण मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन सहज घेतो. या गोळीबरोबर त्या घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. कंबरेसाठी काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच घ्या.

खर्च फार नाही. जनऔषधी केंद्रात हेच औषध बरंच स्वस्त मिळतं, आणि ज्यांना खाजगी फी परवडत नाही त्यांच्यासाठी सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे. माझे जास्त पैसे समुपदेशनावर गेले. पण गोळीने अडकलेली पेमेंटं सुटत नाहीत, भावाशी तुटलेलं बोलणं जुळत नाही, त्यासाठी ते लागलंच. समुपदेशनाच्या मॅडमनी पहिलंच काम दिलं ते रोज ठरल्या वेळी कंबर तलावाकडे चालायला जायचं. मन असो-नसो, वेळ झाली की चप्पल घालायची. मला तो पोरखेळ वाटला होता. आता सकाळचे तिथले चार-दोन लोक ओळखीचे झालेत, एक अण्णा तर उशीर झाला की फोन करतात.

पाचपैकी चार देईन. एक गुण कापला तो वर सांगितलेल्या बोथटपणाचा. बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवायची असते. ती मुदत भर सीझनमध्ये संपते, म्हणून डोस उतरवायचं शाळा सुरू झाल्यानंतर बघू, असं डॉक्टर म्हणालेत. मालकाला हे काही माहीत नाही. हेल्परला आहे.