डेझीसारखं अनोळखी फूल: ॲपला विचारावं की भिंगाखाली चिरावं?

नर्सरीतून नावाची चिठ्ठी नसलेलं रोप आलं, किंवा कुंडीत आपोआप काही उगवलं आणि डेझीसारखं फुललं, तर नाव शोधायच्या दोन वाटा आहेत. फोनमधलं ॲप, नाहीतर दहापट भिंग आणि अर्धं ब्लेड. दोन्ही वापरून झाल्यावर माझा हात आधी भिंगाकडे जातो. का, ते सांगतो.

ॲप वेगात कुणाला ऐकत नाही. अंदाज काही सेकंदांत मिळतो आणि फूल तोडावं लागत नाही. मात्र फोटो नीट हवेत: फूल समोरून, बाजूने, पाठीमागून, पान देठाला जिथे जुळतं ती जागा, आणि एक सुकलेलं फूल. प्लँटनेट या झाडं ओळखणाऱ्या ॲपमध्ये फोटो फुलाचा, पानाचा की फळाचा हे सांगता येतं. ते जरूर सांगा. बहुतेक जण समोरून एकच फोटो देतात. डेझी ज्यात येते त्या सूर्यफुलाच्या कुळात फुलाचा चेहरा सर्वांत फसवा असतो.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. ॲप उत्तर देतं, कारण देत नाही. सकाळच्या फोटोला एक नाव आणि पाकळ्या झुकल्यावरच्या फोटोला दुसरं, असं झालं की कुठलं खरं हे तपासायला हातात काहीच उरत नाही.

पिवळ्या पाकळ्या आणि बुडाशी तांबडा डाग, एवढंच घ्या. गलांडा, कोरिऑप्सिस आणि रुडबेकिया तिन्ही या वेशात येतात. आता अर्धवट जुनं फूल निवडा, ज्यात मधल्या चकतीची बाहेरची पुष्पकं, म्हणजे चकती बनवणारी बारीक फुलं, उमलली आहेत आणि आतली अजून कळ्या आहेत. देठापासून वर, बरोबर मधोमध चिरा. भिंग डोळ्याला टेकवा आणि फूल अडीच सेंटीमीटरवर आणा. उलटं केलं, म्हणजे भिंग फुलाजवळ नि डोळा लांब, तर फारसं काही दिसत नाही.

पुष्पकांच्या मधून ताठ केस डोकावत असतील आणि बियांच्या माथ्यावर टोकदार पापुद्रे असतील, तर गलांडा. पाकळ्या गळल्यावर त्याचा केसाळ गोळा उरतो, तीही खूण. पाठीवर छदांच्या, म्हणजे फुलाला खालून धरणाऱ्या पानासारख्या भागांच्या, दोन वेगळ्या रांगा, बाहेरची आखूड हिरवी, आतली रुंद नि पातळ, आणि पानं समोरासमोर असतील, तर कोरिऑप्सिस. कॉसमॉसचीही पाठ अशीच दुहेरी असते, पण त्याच्या बीला लांब चोच असते. मधला भाग शंकूसारखा उंच, प्रत्येक पुष्पकाशेजारी एक तूस आणि खरबरीत पानं एकाआड एक, तर रुडबेकिया. पाच मिनिटांत नाव ठरतं आणि कशावरून ठरलं तेही सांगता येतं.

भिंगाच्या मर्यादाही आहेत. ते प्रजातीपर्यंत (जीनस, म्हणजे गलांडा की रुडबेकिया इतपत) नेतं. पुढे त्यातली कुठली जात (स्पीशीज), कुठला नर्सरीचा संकर, हे बहुधा कळत नाही. शास्ता डेझी मुळात संकरितच आहे. फूल फार कोवळं असेल तर बी तयार नसते आणि निम्म्या खुणा हुकतात. नुसती पानं असतील तर चिरायला काही नसतंच. तिथे ॲपच कामाचं.

गच्चीतलं नाव सहज हवं असेल तर ॲप पुरे, असं मला वाटतं. बी धरायचं असेल, कुणाला रोप द्यायचं असेल किंवा पाकळ्या खाण्यात वापरायचा विचार असेल, तर भिंगाशिवाय नाव नक्की धरू नये. ॲपने सुचवलेली पहिली तीन नावं लिहून घ्या आणि भिंगाने त्यांतली दोन खोडा. दोन्हींचा मेळ असाच बसतो.

डबल पाकळीच्या फुलांना मात्र दोन्ही वाटा अडतात. मधल्या चकतीच्या पुष्पकांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. अशा वेळी पाठीची छदं आणि पानांची मांडणी एवढ्यावरच भिस्त ठेवा, किंवा त्याच वाफ्यात एखादं एकेरी फूल येतंय का ते पाहा.