मोठ्या अक्षरातलं मराठी पवित्र शास्त्र (बायबल) : दुःखातल्या माणसाला भेट देणार असाल तर वाचा

कोणाच्या घरी मयत झालीय, कोणाची नोकरी गेलीय, कोणाला राहतं घर सोडावं लागलंय, अशा माणसाला काय न्यावं हा प्रश्न आपल्या मंडळीत (चर्चमध्ये) नेहमी येतो म्हणून जरा सविस्तर लिहितेय. जुना आणि नवा करार एकत्र, सगळी ६६ पुस्तकं, मोठा टाइप, काळं रेक्झिन कव्हर. फोनमध्ये बायबलचं अ‍ॅप माझ्याकडे आहेच, फुकट आहे, चांगलंय, वचन शोधायला तर एकदम सोपं. तरी मी म्हणेन हे घ्या.

कारण सांगते. मिस्टरांना प्रभूने बोलावून घेतलं आणि पाठोपाठ क्वार्टर पण खाली करावं लागलं, सगळा संसार ज्या गावात झाला ते सोडून मुलाकडे पिंपरीला आले. तेव्हा मोबाईलवर रोज वचनं यायची, फुलांच्या फोटोवर यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ (अध्याय २९, वचन ११), देवाचे संकल्प हिताचे आहेत म्हणून. पाठवणाऱ्यांचं प्रेम खरं होतं त्याबद्दल शंकाच नाही, पण ते वाचून मनात यायचं, हिताचे म्हणजे कसले, माझं तर सगळं गेलं. मग हे पुस्तक हातात आलं आणि मोठ्या अक्षरात तो आख्खा अध्याय सलग वाचला. अहो ते तर पत्र आहे, यरुशलेमातून बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेलं! आणि ११ व्या वचनाच्या अगदी वरच, १० व्या वचनात लिहिलंय की परत आणीन पण ७० वर्षांनी. म्हणजे ज्यांनी ते पत्र ऐकलं त्यातल्या बहुतेकांना आपलं गाव परत दिसणारच नव्हतं. आणि त्याच लोकांना देव सांगतो घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा, ज्या नगरात मी तुम्हाला नेलंय त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा. कार्डावर एवढं मावत नाही. मला मात्र तेच पाहिजे होतं, कारण परत जायचं नाहीये हे मला कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं आणि ते देवाने सांगितलं. त्यानंतर मी इथल्या मंडळीत नाव घातलं, महिला मंडळात जायला लागले.

रूथचं पुस्तक चारच अध्यायांचं आहे, एका बैठकीत होतं. आपण लहानपणापासून रूथबद्दलच ऐकलेलं असतं पण विधवा बाईने ते रूथच्या सासूसाठी, नामीसाठी वाचावं. परक्या मवाब देशात नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले, आणि बेथलेहेमला परत आल्यावर ती सगळ्या बायकांसमोर म्हणते की देवाने माझे हाल केले, भरलेली गेले होते, रिकामी आले. तिला कोणी गप्प केलं नाही, देवाने पण नाही! मार्थासुद्धा योहान ११ मध्ये येशूला तोंडावर म्हणते की तुम्ही इथे असता तर माझा भाऊ गेला नसता, आणि त्याच दमात म्हणते तरी मला ठाऊक आहे तुम्ही मागाल ते देव देईल. विश्वास ठेव, रडू नकोस असं जे लोक सांगतात ना, त्यांनी हा अध्याय पुढे वाचावा, कबरेकडे जाताना येशू स्वतः रडलाय. मला वाटतं देवावर भरवसा आहे म्हणूनच माणूस त्याच्याशी भांडतो, नाहीतर तोंड फिरवून बसला असता.

सांत्वनाला जाणाऱ्यांसाठी ईयोब २:१३. ईयोबाची मुलं, मालमत्ता सगळं गेलं तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ बसले, एक शब्द बोलले नाहीत. तेवढंच बरोबर केलं त्यांनी. बोलायला लागले तिथून बिघडलं आणि शेवटी ४२ व्या अध्यायात देव त्यांच्यावरच रागावलाय.

आता वस्तूबद्दल. टाइप खरंच मोठा आहे, ट्यूबलाइटमध्ये चष्म्याने आरामात वाचता येतं. वजन बरंच आहे, झोपून वाचता येणार नाही, मी मांडीवर उशी घेऊन त्यावर ठेवते. कागद पातळ, मागच्या पानाची अक्षरं थोडी दिसतात, पेनने खुणा केल्या तर पलीकडे उमटतात, पेन्सिल वापरा. भाषा जुन्या वळणाची आहे, माझ्यासारख्यांना सवयीची, पण इंग्लिश मीडियमच्या मुलांना जड जाईल, त्यांच्यासाठी सोप्या मराठीतलं बघा. सोप्या भाषेवरून पंडिता रमाबाईंची आठवण येतेच. आईवडील दुष्काळात गेले, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा, १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा, आणि ही बाई पुणे जिल्ह्यातल्या केडगावात बसून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर करत राहिली, १९२२ मध्ये स्वतः प्रभूकडे जाईपर्यंत. ही प्रत त्या भाषांतराची नाही, पण केडगाव आपल्याकडेच आहे म्हणून सांगितलं.

ज्यांना नजरेचा जास्त त्रास आहे त्यांना हे देऊ नका, त्यांना फोनवर ऑडिओ लावून द्या. बाकी घेताना शक्यतो दुकानात जाऊन हातात धरून बघा, ऑनलाइन फोटोवरून आकाराचा आणि वजनाचा अंदाज येत नाही. आणि भेट द्यायची असेल तर पहिल्या पानावर मोठा आशीर्वाद लिहीत बसण्यापेक्षा स्तोत्र १३ ला एक कागदाची खूण घालून द्या, सहाच वचनं आहेत, सुरुवातीला कोठवर, कोठवर असं देवालाच विचारलंय. ८८ वं पण दाखवा, ते तर अंधारातच संपतं. घेणाऱ्याला कळेल की त्याच्या मनात जे चाललंय ते देवाच्या पुस्तकात आधीच छापलेलं आहे.