बसमधलं घर आणि ७१० चा शिक्का

जुनी स्टाफ बस घेऊन तिच्यातच कायमचं राहायचं ठरवलं तेव्हा नातेवाइकांनी आम्हाला वेड्यात काढलं. ते असो. बस रत्नागिरीकडच्या पावस गावाजवळ सासऱ्यांच्या आंब्याच्या बागेत उभी आहे आणि आम्ही दोघं तिच्यात मजेत आहोत. पण आतलं काम नव्याने करून देतो म्हणून आलेल्या माणसाने आम्हाला कसं बनवलं ते सांगायलाच हवं, कारण त्याची गिऱ्हाइकं शोधणं अजून चालूच आहे.

पलंग, ओटा, वरची कपाटं, जमीन आणि वायरिंग एवढं काम. कोटेशनमध्ये स्वच्छ लिहिलेलं : सगळीकडे आयएस ७१० चं (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडचं भारतीय मानक) मरीन प्लाय, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. आग्रह आमचाच होता. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, वर खारा वारा, आणि पावसाळ्यात रात्री बसच्या पत्र्याला आतून घाम फुटतो. इथे साधं, कमर्शियल प्लाय म्हणजे सादळलेला पापड.

माल आला तेव्हा वरच्या शीटवर ७१० चा ठळक शिक्का, शेजारी आयएसआयची खूण आणि लायसन नंबर. त्याने शिक्क्यावर बोट ठेवलं. "वहिनी, बघून घ्या, नंतर म्हणू नका." बघितलं की! फोटोसुद्धा काढला. थप्पीतल्या वरच्या दोनच शीट खऱ्या होत्या हे कळायला आषाढ उजाडला. बाकी सगळं कमर्शियल. कापलं की लगेच दोन्ही अंगांना लॅमिनेट आणि कडेला पट्टी. आत काय आहे ते कोणाच्या बापाला दिसत नाही.

पाऊस लागला आणि पलंगाखालचा ड्रॉवर अडकायला लागला. मग ओट्याखालच्या कपाटाची कड फुगली, पट्टी सुटली, आत नख घातलं तर थर निघून हातात. वर बुरशी. फोन केला तर म्हणतो, "कोकणची हवाच तशी, वहिनी." अरे, हवा ठाऊक होती म्हणूनच तर मरीनचे पैसे मोजले!

वाडीतल्या सुतारकाकांनी कड बघितली आणि म्हणाले, "ह्ये मरीन नाय गो बाय." त्यांनी चाकाच्या कमानीमागून तळहाताएवढा तुकडा कापला. पाण्याच्या टाकीखाली त्या दोन खऱ्या शीट वापरल्या होत्या, तिथलाही एक घेतला. दोन्ही एकाच टोपात चुलीवर ठेवले. मरीन प्लायची कसोटी उकळत्या पाण्यात ७२ तासांची असते. आमच्या पहिल्या तुकड्याने तासाभरातच थर सोडले. दुसरा संध्याकाळपर्यंत जसाच्या तसा. कापलेल्या कडेला डिंकाच्या रेषा गडद दिसल्या की मरीन, असं सांगतात, पण त्या डिंकात रंग घालूनही माल विकतात. उकळून बघितलेलं बरं.

जमिनीखालचा गंज घासून प्रायमर मारायचा ठरला होता. त्याने गंजक्या पत्र्यावरच नवं प्लाय ठोकून वर विनाइल अंथरलं. स्क्रू साधे लोखंडी, आता प्रत्येकाखाली तांबडा ओघळ. आणि तांब्याच्या म्हणून लावलेल्या वायरीची तार ब्लेडने खरवडली तर आत पांढरी : ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. इन्व्हर्टरपाशी जोड का तापत होता ते तेव्हा कळलं. प्लाय फुगलं तर नुसतं नुकसान होतं, ही वायर झोपेत जाळेल. म्हणून बाकी सगळं तसंच ठेवून आधी वायरी बदलल्या.

"आरटीओचं माझ्यावर सोडा" म्हणून त्याने रोख पैसे घेतले ते वेगळेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करायचा तर नोंदणी कार्यालयाची मंजुरी लागते आणि ती आरसीवर चढते. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर बघितलं तर आमची गाडी अजून बसच. कोणी असं पासिंगचं सांगून पैसे मागितले तर सरकारी फीची पावती मागा, आणि आरसीवर बदल दिसेपर्यंत त्या कामाचा एक रुपया देऊ नका. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट त्यावरच ठेवील.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार टाकली आहे. कामासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. कोटेशन, यूपीआयच्या नोंदी, त्याचे व्हॉट्सॲपवरचे निरोप आणि ते उकळलेले दोन तुकडे, सगळं जपून ठेवलंय. "बिल कशाला, जीएसटी वाचेल" म्हणून त्याने जे रोख नेलं, ते दाखवायला मात्र हातात काही नाही.

पलंग आता सुतारकाकाच करतायत. प्लाय आम्ही स्वतः दुकानातून पक्क्या बिलावर आणलं, प्रत्येक शीट उलटीपालटी करून. लॅमिनेट चिकटवायच्या आधी ते हाक मारतात, मी जाऊन शिक्के बघते, मग त्या टप्प्याचे पैसे.